घरचंच काम

धक्क्यावर सगळे त्याला जोडारी म्हणत, कारण कुणाच्याही बोटीत काहीही जोडायचं असलं की बोलावणं त्यालाच. दुकान मालकीणबाईंचं, हात याचे. दिवे जोड, पंप जोड, रेडिओ जोड. अलीकडे मात्र सगळ्यात जास्त मागणी होती ती समोर बघणाऱ्या सोनारला. जुनी यंत्रं बोटीच्या पोटाखालचं पाणी दाखवायची. म्हणजे खडक आहे हे कळायचं तेव्हा तुम्ही त्या खडकावर बसलेले असायचात. काय उपयोग, सांगा! हे नवीन यंत्र पुढचं बघतं. बोटीच्या नाकाखाली मुठीएवढा सेन्सर बसवायचा. तो पाण्यात आवाज सोडतो, आवाज कशावर तरी आपटून परत येतो आणि चाकाशेजारच्या स्क्रीनवर पुढचं चित्र उमटतं. जवळ काही आडवं आलं की अलार्म किंचाळतो.

आणि त्या तलावात आडवं येण्यासारखं पुष्कळ होतं. तलाव म्हणजे धरणाचं अडवलेलं पाणी, खाली अख्खं जंगल बुडालेलं. झाडं केव्हाच मेली, पण खोडं उभीच राहिली. पाणी थोडं उतरलं की ती पाण्याखाली जेमतेम हातभरावर दबा धरून बसायची, आणि वरून बघावं तर कसली म्हणून खूण नाही. सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला येणारी हौशी मंडळी म्हणूनच या यंत्रावर तुटून पडत.

आता या अलार्मला एक खोड होती. धक्क्याजवळ तो नुसता जीव खायचा. नांगराच्या साखळ्या, शेजारच्या बोटींची बुडं, पाणगवताचे गुंते, दिसेल त्यावर बोंब. चाचणी घेताना डोकं उठायचं. म्हणून जोडाऱ्याने स्वतःपुरती एक रीत पाडली होती. चाचणीआधी अलार्म बंद करायचा आणि बंद केल्या केल्या चाकावर लाल चिकटपट्टी आडवी लावायची. चाचणी आटोपून बोट धक्क्याला लागली की आधी अलार्म चालू, मगच पट्टी काढायची. पट्टी असेपर्यंत बोट मालकाच्या हातात द्यायची नाही, मग तो कितीही घाईत असो. एकदा एका दातांच्या डॉक्टरने नाक मुरडत विचारलं होतं, "ही काय पोरकट पट्टी लावलीय?" तर हा म्हणाला, "साहेब, माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही. पट्टीवर आहे." मालकीणबाई हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला कौतुकाने ऐकवायच्या.

तर असा हा काटेकोर माणूस. आणि त्याने पट्टी लावली नाही ती कुणाच्या बोटीला? तर मामांच्या.

मामा म्हणजे त्याच्या आईचे भाऊ. आई गेल्यावर हा त्यांच्याच घरी वाढला. लहानपणी खिशात खिळे भरून हिंडायचा म्हणून मामा त्याला खिळ्या म्हणत, आणि अजूनही म्हणत. मामांनी जन्मभर बसच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त केली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, दांडा कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरची झडप." उघडून बघावं तर तिसऱ्याचीच झडप. इंजिनाला सर्दी झाली तरी मामांना ऐकू येते, अशी त्यांची थट्टा व्हायची, आणि मामा ती मिशीतल्या मिशीत हसत ऐकून घ्यायचे. जोडाऱ्याला हाताला धरून कामाला लावलं ते त्यांनीच. मामी बोटींच्या बैठका शिवायची. धक्क्यावरच्या निम्म्या बोटींवर लोक बसत ते मामीच्या टाक्यांवर.

निवृत्त झाल्यावर मामांनी एक जुनी बोट घेतली. इंजिन स्वतः खोललं, बैठका मामीने शिवल्या, आणि सोनार भाच्याने आपल्याकडून बसवून दिला. मामीला आधी काही समजेना. "सोनार आणलायस म्हणे बोटीत? मग बांगड्या कधी घडवतोय तो?" यावर तिघं पोट धरून हसले.

चाचणीच्या दिवशी मामी डबा घेऊन धक्क्यावर आली होती. जोडाऱ्याने अलार्म बंद केला, सवयीने हात खिशातल्या चिकटपट्टीकडे गेला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मामांच्या बोटीला कसली पट्टी? हे तर घरचंच काम. आत्ता करू चालू. चाचणी झक्क झाली. बोट धक्क्याला लागली तर मामीने डबा उघडून ठेवलेला, "गार होतंय, या आधी." जेवता जेवता जोडाऱ्याला फुशारकीचा झटका आला. "मामा, निघताना साखळ्यांजवळ बोंबलेल, तिकडे लक्ष देऊ नका. पण पुढे पाण्यात ही बया ओरडली की समजायचं, समोर काहीतरी आहे. तोवर खुशाल गळाकडे बघा. तुमच्या वाटचं पुढे बघायला ती आहे." मग मामीने त्याच्याकडून डबा धुवून घेतला, दोघं घरी गेले, आणि अलार्म बंद तो बंदच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडारी दुकानाचं शटर वर करत होता, तेवढ्यात धक्क्यावरून एक जण ओरडत आला, "अरे, तुझ्या मामांची बोट ओढून आणतायत!"

तो धावत सुटला. बोटीचं नाक फुटलेलं. मामी बाकावर बसली होती, उजवा हात डाव्या हाताने धरून, चेहरा पांढराफटक. झालं होतं असं की मामा बेताच्या वेगाने चालले होते आणि मागच्या गळाकडे बघत होते. मामी कानात इअरफोन घालून तिची जुनी गाणी ऐकत होती, कारण इंजिनाची घरघर तिला मुळीच आवडत नसे. थर्मास काढायला ती उठली आणि त्याच क्षणी बोट खोडावर आदळून जागच्या जागी थांबली. मामी थांबली नाही. ती पुढच्या कठड्यावर जाऊन पडली, मनगटावर.

"तुम्हाला डुलकी लागली होती!" तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे. मामा तिच्यापुढे उकिडवे बसले. "तुझी शपथ गं, जागा होतो मी. टक्क जागा होतो." मग भाच्याकडे वळून म्हणाले, "खिळ्या, अलार्म वाजलाच नाही रे."

"तुम्ही मामीला घेऊन दवाखान्यात जा. मी बघतो," एवढंच जोडारी बोलला.

ती दोघं गेल्यावर तो बोटीत चढला. बोट आदळताना निसटलेली बॅटरीची तार जोडली. स्क्रीन उजळली, आणि कोपऱ्यात ती दिसली, छोटीशी घंटा, तिच्यावर तिरकी काट मारलेली. अलार्म बंद. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्याचं बोट पुढे गेलं आणि त्याने बटण दाबलं. काट गेली, घंटा राहिली. आता तुम्ही म्हणाल, इतका वेळ कुठे होतं ते बोट? तेच तर तो स्वतःला विचारत होता.

मागून मालकीणबाई आल्या. त्यांचाही जीव वरखाली होत होता, शेवटी दुकानाचं नाव होतं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन बघितली आणि सुस्कारा सोडला. "चालू आहे की. म्हणजे वाजला असणार. अरे, वय झालं मामांचं. त्या वयात बारीक, उंच आवाज आधी सुटतात. माझ्या वडिलांचं हेच झालं होतं."

"असेल," जोडारी म्हणाला.

दवाखान्यात मामांनी विचारलं, "बघितलंस?" आणि याने सांगितलं, "अलार्म चालू आहे, मामा." खोटं कुठे बोललो, अशी त्याने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचा प्रयत्न केला. चालू होता असं नाही म्हणालो, चालू आहे म्हणालो. वा रे पठ्ठ्या! पण मामांचा चेहरा असा काही उतरला की त्याला तिथे उभं राहवेना. मामा हळूच आपल्या उजव्या कानाला हात लावून बघत होते.

पुढे सगळं कसं आपोआप जुळत गेलं. मालकीणबाईंनीच कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. मामांना काचेच्या खोलीत बसवून कानात आवाज सोडले, जोडारी बाहेरून बघत होता. डॉक्टर म्हणाले, या वयाला साजेसंच आहे, वरचे आवाज थोडे कमी येतात, असला किंचाळणारा आवाज वाऱ्यात आणि इंजिनाच्या घरघरीत सुटूही शकतो. सुटू शकतो, एवढंच म्हणाले ते. घरी येईपर्यंत 'सुटू शकतो'चं 'सुटला' झालं होतं. "बरोबर आहे," मामा स्वतःच पुरावा देऊ लागले. "खिळ्या म्हणाला होता, साखळ्यांजवळ बोंबलेल. मला तिथेसुद्धा काही ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं नसेल वाजला. वाजला होता, मीच ठार बहिरा." बाजूला जोडारी उभा होता, मूग गिळून.

मग मामांच्या कानात यंत्र आलं. ते शिट्टी मारायचं. भांडं पडलं की मामा दचकायचे, दार लोटलं तरी दचकायचे. मामी चिडवायची, "आता घरात दोन इंजिनं झाली, एक तुम्ही आणि एक तुमच्या कानातलं." पण मामा पूर्वीसारखे हसत नसत. शेजारचा माणूस स्कूटर घेऊन दारात आला, "जरा ऐकून बघा हो, काहीतरी खडखडतंय," तर मामा म्हणाले, "दुसरीकडे दाखवा. माझ्या कानात काही राहिलं नाही." तो माणूस ओशाळून स्कूटर ढकलत निघून गेला. खडखड दारातल्या जोडाऱ्यालासुद्धा ऐकू येत होती. मामांनाही येत होती, हे त्याला दिसत होतं. पण मामांनी आपल्या कानावरचा विश्वास काढून टाकला होता, आणि तो कुणी काढून घेतला हे या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

मामीच्या हाताचं प्लास्टर निघालं. मनगट जुळलं, बोटं जुळेनात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती वाटीतली बटणं एकेक करून चिमटीत उचलायची. दोन उचलली की तिसरं घरंगळायचं. सुई तर दूरच राहिली. जोडारी रोज संध्याकाळी जाऊन भांडी घासायचा, बाजार आणायचा, शिलाई मशीन पुसून ठेवायचा. अपराधी माणसाला कामाचा फार उरक असतो. मामी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "भाचा असावा तर असा." ते वाक्य त्याला तोंडात मारल्यासारखं लागायचं आणि तो आणखी जोरात भांडी घासायचा.

एकदा त्याने सांगायचं ठरवलंही होतं. मामा बाहेर गेले होते. मामी बटणं उचलत होती. "मामी, तुझ्याशी जरा बोलायचंय," इथपर्यंत तो आलाही होता.

"मलाही बोलायचंय," ती म्हणाली. "कुणाला सांगू नकोस. मी ती गाणी ऐकत बसले नसते ना, तर मला तरी ऐकू आलं असतं रे. ह्यांचे कान गेले, हे देवाच्या हातातलं. मी माझे कान स्वतः बंद करून बसले." तिने डोळे पुसले. "ह्यांच्यावर आधी केवढी ओरडले मी. डुलकी लागली म्हणून. माझी शपथ घेऊन सांगत होते बिचारे. खरं सांगू, झोपले असते आणि वर माझी खोटी शपथ घेतली असती, तर जन्मात माफ केलं नसतं. पण ऐकूच येत नाही त्या माणसावर काय रागवायचं? तू काय म्हणत होतास?"

"काही नाही," जोडारी म्हणाला. "मशीनला तेल घालू का, विचारत होतो."

तिला आता समाधान मिळालंय, ते कशाला मोडायचं, अशी सबब त्याला परतीच्या वाटेवर सापडली. भित्र्या माणसाला सबबी काय, वाटेत पडलेल्या सापडतात. पण घरापर्यंत ती सबब काही टिकली नाही. चूक एकाची होती आणि तिच्यापायी दोन म्हातारी माणसं एकमेकांपासून तोंड लपवत होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

बोटीचं नाक दुरुस्त झालं आणि मामांनी तिला काढून टाकायचं ठरवलं. "बहिऱ्याने पाण्यात जाऊ नये," एवढंच बोलले. गिऱ्हाईक मालकीणबाईंनी आणलं, ते नेमके तेच दातांचे डॉक्टर. त्यांना मेहुण्यासाठी दुसरी बोट हवी होती. दाखवायला जोडाऱ्याने न्यायची ठरली. मामा म्हणाले, "मीही येतो. शेवटचा फेरा."

सकाळची वेळ होती. वारं होतं. वाऱ्यात कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून मामांनी ते काढून खिशात टाकलं आणि ते मागे दोर सोडायला बसले, सगळ्यांकडे पाठ करून. डॉक्टर चाकाशेजारी. जोडाऱ्याने इंजिन चालू केलं. त्या दिवसापासून त्याने अलार्मच्या बटणाला हात लावला नव्हता. लावायची हिंमतच नव्हती. चाचणीआधी बंद करायची रीत होती, तीही आज त्याच्याने झाली नाही. बोट दोन हात पुढे सरकली, स्क्रीनवर पहिली साखळी उमटली आणि अलार्म किंचाळला.

"अरे बंद कर ते! कानाचे पडदे फाटतील!" मामा मागून ओरडले.

अलार्म तेवढा वाजत होता. जोडाऱ्याने वळून बघितलं. मामांच्या हातात दोर तसाच होता आणि चेहऱ्यावर, आधी, क्षणभर, आनंद. ऐकू आलं! पाठ करून बसलेल्या माणसाला, वाऱ्यात, इंजिन चालू असताना, यंत्राशिवाय ऐकू आलं! जुने मामा लख्ख दिसले त्याला. आणि मग तो आनंद त्याच्या डोळ्यांदेखत विझला. मामांच्या मनात पुढचा हिशोब सुरू झाला होता.

"जोरदार आहे हो आवाज," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "म्हाताऱ्या माणसालाही ऐकू येईल असा."

फेरा कसा झाला ते जोडाऱ्याला नंतर आठवेना. डॉक्टर बोट पसंत करून, उद्या कळवतो म्हणून निघून गेले. मामा धक्क्यावरच्या बाकावर बसले होते. त्यांनी शेजारी हात थोपटला. हा जाऊन बसला.

"मला ऐकू येतं, खिळ्या."

"हो, मामा."

"म्हणजे त्या दिवशीही येत होतं." मामा पाण्याकडे बघत होते. "साखळ्यांजवळही वाजला असणार आणि खोडाजवळही. मग मी काय करत होतो? ऊन पाठीवर होतं, पहाटे उठलो होतो. निघाल्यापासूनच पेंगत असणार मी. मला तर आठवतंय की मी गळाकडे बघत होतो, पण झोपलेल्या माणसाला काय वाट्टेल ते आठवतं. ती म्हणाली तेच खरं. आणि मी तिची शपथ घेतली रे! हात मोडून बसली होती ती, आणि मी तिच्याच जिवाची खोटी शपथ घेतली."

"मामा, ऐका ना—"

"नाही, तू ऐक." मामांनी त्याचा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. ज्यांच्यापुढे कारखान्यातले साहेबही जपून बोलायचे, ते मामा काकुळतीला आले होते. "तिला सांगू नकोस. मी बहिरा आहे म्हणून तिने मला पदरात घेतलंय. झोपलो होतो हे कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, आणि बरोबरच आहे तिचं. तू आज काही बघितलं नाहीस. माझ्यासाठी एवढं कर, खिळ्या. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

खरंच मागितलं नव्हतं. दिलं मात्र सगळं होतं. जोडाऱ्याच्या अपराधाची माफी त्याच्याचकडे मागितली जात होती आणि तो मान हलवत होता. हो, मामा. नाही सांगणार, मामा. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं, पण धक्का सिमेंटचा होता, पक्का होता.

दोघं घराकडे निघाले. गल्लीच्या तोंडाशी मामा थांबले. खिशातून यंत्र काढलं, बाहीला पुसलं आणि कानात बसवलं. दोनदा शिट्टी वाजली. जोडारी बघत राहिला. म्हणजे आता हे जन्मभर असंच चालणार होतं. चांगले कान असलेला माणूस कान झाकून बसणार होता.

दार मामीने उघडलं. "झालं का पसंत?" तिने मोठ्याने, तोंड कानाजवळ नेऊन विचारलं. हल्ली ती असंच बोलायची.

"काय?" मामा म्हणाले. "काय म्हणालीस?"

त्यांनी ते इतकं हुबेहूब केलं की जोडाऱ्याला सहन झालं नाही. मामी पुन्हा ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या तोंडून निघून गेलं, "अलार्म बंद होता."

फार हळू निघालं ते. पुटपुटल्यासारखं. मामी म्हणाली, "काय रे?" पण मामा गर्रकन वळले होते.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग हात वर करून कानातलं यंत्र काढलं आणि तळहातावर धरलं.

"मोठ्याने बोल," मामा म्हणाले. "तिला ऐकू नाही गेलं."

"मामा..."

"मोठ्याने."

"अलार्म बंद होता," जोडारी म्हणाला. आता आवाज फुटला, आणि फुटला तो थांबेना. "मी चाचणीला बंद केला आणि चालू करायचा राहिला. तो वाजलाच नाही. साखळ्यांजवळ नाही, खोडाजवळ नाही. मामी, ते झोपले नव्हते. त्यांना ऐकू येतं. तुझी गाणी बंद असती तरी तुला काही ऐकू आलं नसतं. वाजलंच नव्हतं काही. नंतर मी चालू केला. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. कुणी बघायच्या आत."

शेवटचं वाक्य बोलला आणि त्याला कळलं की खरा गुन्हा तोच होता. विसरणं एकवेळ पोटात घातलं असतं त्यांनी. बटण दाबलं ते दाबलं, आणि वर काचेच्या खोलीबाहेर उभा राहून मामांना बहिरं ठरवताना बघत राहिला, ते कुठे घालायचं?

मामी भिंतीला टेकली. ती मामांकडे बघत होती. "तुम्ही जागे होतात," ती म्हणाली.

"तुझी शपथ घेतली होती ना," मामा म्हणाले.

ती पुढे झाली आणि डाव्या हाताने तिने त्यांचा दंड धरला. उजवा हात तसाच लोंबत होता. मग मामीने त्याच्याकडे तोंड वळवलं. तो शिव्यांची वाट बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू ती लाल पट्टी लावतोस ना रे बोटींना? मालकीणबाई सांगत असतात सगळ्यांना."

"हो."

"त्या दातांच्या डॉक्टरच्या बोटीला लावली होतीस?"

"हो, मामी."

"आणि आमच्या?"

त्याने मान खाली घातली. "म्हटलं, घरचंच काम आहे."

मामी आत गेली. बटणांची वाटी सरकवल्याचा आवाज आला, आणि मग एकेक बटण वाटीत पडू लागलं. मधेच एक घरंगळलं. ते थांबेपर्यंत मामा ऐकत उभे होते. मग त्यांनी हातातलं यंत्र दाराजवळच्या फळीवर ठेवलं, किल्ल्यांच्या शेजारी.

"आधी मालकीणबाईंना जाऊन सांग. आत्ता," ते म्हणाले. "आणि डॉक्टरला सांग, बोट विकायची नाही."

"सांगतो, मामा." तो वळला. पायरी उतरला.

"आणि उद्या ये. बोटीतलं ते यंत्र पुन्हा पहिल्यापासून तपासून दे." मामांनी दाराला हात घातला. "येताना पट्टी घेऊन ये. आमची बोट परक्याची आहे असं समजायचं आणि तसंच काम करायचं."

दार लागलं. आत मामी काहीतरी म्हणाली, अगदी साध्या, हळू आवाजात. मामांनी तितक्याच हळू आवाजात उत्तर दिलं.